तांबडा थर

पार्वतम्मानं पेटलेला कंदील दोरीला बांधला आणि विहिरीत सोडला. बाहेर उन्हानं डोळे दिपत होते आणि ही बाई दिवसाढवळ्या कंदील घेऊन विहिरीवर वाकली होती. एरवी गावानं तिला वेड्यात काढलं असतं. आज कुणाला हसू आलं नाही. काठावरची माणसं श्वास धरून खाली बघत होती. मुरुमाचा थर गेला, काळ्या पाषाणाचा गेला, कंदील तांबड्या थरापाशी पोचला. तिथं ज्योत एकदा लांबली, थरथरली आणि विझली.

"इझला," शिवप्पा म्हणाला.

"वारं लागलं आसंल."

तिनं दोरी भराभरा ओढली, कंदील पेटवला, पुन्हा सोडला. त्याच थरापाशी तो पुन्हा विझला.

वारं कुठलं आलंय सात पुरुष खोल विहिरीत! तांबड्या थरात एक ओटा कोरलेला होता, ओट्यावर सोसायटीचं डिझेल इंजन होतं, आणि इंजनाला टेकून तिचा एकुलता एक मुलगा वीरप्पा आडवा पडला होता. त्याचं बनियन वरून पांढरं दिसत होतं. ते हलतंय की नाही, हे काही कळत नव्हतं.

वीरप्पा इंजनाचा ड्रायव्हर. सकाळी त्यानं इंजन चालवलं, रात्रभर पाझरलेलं पाणी वर ओढलं. ते गावच्या आणि खालच्या आळीच्या अशा दोन्ही हौदांत पडलं, बायांनी हौद खरवडून घागरी भरल्या आणि त्या घरोघर गेल्या. खाली पंप चिखल ओढायला लागला तसा वीरप्पा इंजन बंद करायला उतरला. इंजन बंद झालं. वीरप्पा वर आला नाही.

शिवप्पा त्याचा चुलतभाऊ. तो कपारींत पाय रोवत निम्म्यापर्यंत उतरला होता. तिथं त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, तो कसाबसा वर आला आणि आता काठावर बसून तोंड पुसत होता. सोसायटीचे चेअरमन हिंमतराव दोर आणा, दोर आणा म्हणून ओरडत होते. दोर त्यांच्या पायाशीच पडला होता.

पार्वतम्मानं गळ्यातलं लिंग एकदा मुठीत धरलं आणि पदर कमरेला खोचला.

"म्या उतरते."

"उतरू नका! कुणीबी उतरू नका!"

ओरडणारा लिंबाजी मास्तर होता. गलका ऐकून तो शाळेतून पळत आला होता. विहिरीपासून थोड्या अंतरावर एक चपटा काळा दगड आहे, तिथं त्याचे पाय थांबले. एवढ्या घाईतही थांबले, याचा त्याला संताप आला. मग तो दगड ओलांडून काठापर्यंत आला.

"खालची हवा इंजनानं खाल्ली. धूर साचलाय. दिसत न्हाय, पर हाय. जो उतरंल त्यो पडंल."

"मग माझ्या लेकराला तसाच ठिवू, मास्तर?" पार्वतम्मा त्याच्या अंगावर धावून गेली. "सांगा की! तसाच ठिवू?"

"वरून पाणी मारा. घागरीमागं घागर. पाणी पडताना वरची हवा संगं घिऊन जातं. आन् कडुलिंबाचे डहाळे दोराला बांधून वरखाली करा. हवा हलली पायजे."

"पाणी?" हिंमतराव म्हणाले. "कुठलं पाणी?"

विहिरीच्या तळाला चिखल होता. हौद कोरडे होते. गाव वर टेकाडावर, तिथून घागर घेऊन येईपर्यंत माणूस राहतो थोडाच! तरी दोघं-तिघं गावाकडं पळाले. उरलेल्यांचे डोळे उताराखालच्या आळीकडं गेले. लिंबाजीच्या आळीकडं. ती हाकेच्या अंतरावर होती आणि तिथंही घरोघर सकाळच्या भरलेल्या घागरी होत्या. सगळ्यांना एकाच वेळी तेच सुचलं होतं, आणि म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

लिंबाजी धावत सुटला होता.

त्याची आई केशरबाई दारात रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी थापत होती. लेकानं काय सांगितलं ते तिनं अर्धंच ऐकलं. आडोशाला दोन घागरी होत्या, त्यात दिवसभराचं सगळं पाणी. इंजन बंद पडलं म्हणजे उद्याचं काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं घागरींकडं बघितलं, पिठाचे हात लुगड्याला पुसले, एक घागर डोक्यावर घेतली, एक काखेत. जाता जाता ती दारादारांतून ओरडत गेली, "बाया हो, निघा गं! पार्वतम्माचा वीरप्पा हिरीत पडलाय. पाणी घ्या! जल्दी!"

बाया निघाल्या. धापा टाकत, घागरींवर हात धरत चढ चढल्या, आणि काळ्या दगडापाशी येऊन उभ्या राहिल्या.

या दगडाची गोष्ट कुणी कुठं लिहून ठेवलेली नव्हती. सोसायटीच्या कागदावर विहीर सगळ्यांची होती; खणताना खालच्या आळीनं सगळ्यांच्या बरोबरीनं पाट्या उचलल्या होत्या. पण पाणी लागलं तसा हा दगड आला. आळीतल्या बाईनं इथवर यायचं, घागर दगडावर ठेवायची आणि वरच्या कुणाला दया येईपर्यंत थांबायचं. मग कुणीतरी हात उंच करून लांबूनच धार धरायचं. आळीनं धर्म बदलून सतरा वर्षं झाली होती, मास्तरसारखी पोरं शिकून नोकरीला लागली होती, दगड मात्र जागचा हलला नव्हता. पुढं डिझेल इंजन आलं. पाइपातून पाणी खालच्या हौदात आपोआप पडायला लागलं, तेव्हा कुठं बायांची दगडापासून सुटका झाली. मग हा दुष्काळ आला. पाणी इतकं खाली गेलं की वरून पंप ओढेना. बाया पुन्हा दगडापाशी. तेव्हा हिंमतरावांनी इंजनच विहिरीत उतरवायचं ठरवलं, आणि सगळ्यांत जास्त आनंद खालच्या आळीला झाला होता.

आता त्या बाया भरल्या घागरी घेऊन तिथं थांबल्या होत्या. कुणी अडवलं नव्हतं. पायांना तिथं थांबायचीच सवय लागली होती.

म्हातारे महांतप्पा हिंमतरावांच्या कानाशी लागले. "त्यांचं पाणी... आत वतायचं म्हंता?"

हिंमतराव दोराकडं बघत राहिले.

पार्वतम्मानं ते ऐकलं. तिच्या तोंडून एकदम कानडी बाहेर पडली. घरात देवापुढं किंवा फार राग आला तरच ती कानडी बोलायची.

"बा! लगू बा!" तिनं दोन्ही हातांनी बोलावलं. "ये की गं केशर! काय बघत उभी राहिलीस? माझं लेकरू मरायलंय!"

केशरबाई दगडाला वळसा घालून आली आणि तिनं पहिली घागर विहिरीत रिती केली.

मग काय झालं ते कुणाला नीट सांगता आलं नाही. एक घागर उपडी होतेय तोवर दुसरी पुढं येत होती. पाणी पाषाणावर आपटायचं, फुटायचं, खाली वीरप्पाच्या अंगावर पडायचं. एका लेकुरवाळीनं ओतण्याआधी घागरीत ओंजळ बुडवली, कडेवरच्या पोराला पाजली आणि मग घागर उलटी केली. दोराला डहाळ्यांचा भारा बांधला होता. तो पार्वतम्मा खाली सोडत होती, वर ओढत होती, पुन्हा सोडत होती. शिवप्पानं दोर मागितला तर तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो मागं सरला. दोर ओला झाला, मग तांबडा झाला. तिच्या तळव्यांची सालं निघाली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

शेवटची घागर रिती झाल्यावर लिंबाजीनं कंदील मागितला. कंदील काळ्या पाषाणाखाली गेला, तांबड्या थरापाशी पोचला, इंजनाशेजारी टेकला आणि जळत राहिला.

कमरेला दोर आणि तोंडाला ओलं फडकं बांधून शिवप्पा उतरला. वीरप्पाला वर घेतला तेव्हा त्याचं तोंड गाजरासारखं लाल झालं होतं. पार्वतम्मानं त्याच्या छातीला कान लावला, आणि ती काही सांगेना. ती नुसतीच तशी पडून राहिली. लिंबाजीनं तिला बळंच बाजूला केलं. वीरप्पाच्या पोटातून एक उबळ आली, तो कुशीवर वळला आणि भडाभडा ओकला.

"अव्वा," तो म्हणाला.

मग ती रडली. गावाला ऐकू जाईल अशी रडली.

त्याला बैलगाडीत घालून उमरग्याच्या सडकेकडं नेलं, तेव्हा कुठं टेकाडावरून माणसं घागरी घेऊन पोचली. वाटेतच त्यांना कळलं की आता गरज नाही. ती भरल्या घागरी घेऊन तशीच परत गेली.

*

तो दिवस खालच्या आळीनं कसा काढला, ते विचारू नये. बायांनी रांजणांच्या तळाशी फडकी फिरवली आणि ती पोरांच्या तोंडात पिळली. लहानगी रडून रडून झोपली. दुपारनंतर दोन म्हाताऱ्या गावात पाणी मागायला गेल्या आणि एक तांब्या घेऊन आल्या. गावाकडंही फार नव्हतं, हे खरं. पण एक तांब्या?

केशरबाई उंबऱ्यावर बसली होती. लिंबाजी आत भिंतीला टेकून होता.

"लिंबा," ती म्हणाली, "आसं हुईल म्हून तुला ठावं हुतं?"

लिंबाजीला शाळेची ओसरी आठवली.

इंजन विहिरीत उतरवलं त्याच्या आदल्या दिवशी वीरप्पा शाळेच्या ओसरीवर इंजनाच्या धुरासाठी पत्र्याची नळी ठोकत बसला होता. आत सातवीचा भूगोल चालला होता. वर्ग सुटल्यावर तो हातोडा थांबवून म्हणाला होता, "मास्तर, पोरांना काय सांगत हुता? आमचं डिझेल म्हंजी मेलेले जीव?"

"समुद्रातले. डोळ्याला दिसत न्हाईत असले बारीक. मेले, तळाला बसले, वर गाळ बसला, गाळाचा दगड झाला. आतली धग आन् वरचा दाब, त्यानं त्यांचं तेल झालं. दगडी कोळसा झाडांचा, दलदलीतल्या जंगलांचा. करोडो वर्षं लागली त्याला."

"आन् आमी ते तासाभरात जाळून मोकळे!" वीरप्पा हसला. "मग आपल्या हिरीला का लागंना तेल? सात पुरुष खांदली की."

"आपला दगड गाळाचा न्हाय, आगीचा हाय. जमीन फाटून तापला रस पसरला, निवला, त्याचा काळा पाषाण झाला. त्यात कुठलं तेल अन् कुठला कोळसा!"

"नशीबच फुटकं, मास्तर. आन् मधला त्यो तांबडा थर? त्यो तर कवळा लागला. वटा कोरताना टिकाव निस्ता घुसत हुता."

इथं लिंबाजीचा चेहरा खुलला होता. पुस्तकातलं सांगताना तो पुस्तकासारखा बोले, पण हे पुस्तकात नव्हतं. हे त्यानं विहीर खणताना स्वतः डोक्यावरून वाहिलं होतं. "ती माती हाय, वीरप्पा. एक रस निवला, त्यावर लई वर्षं ऊन-पाऊस पडला, दगड झिजला, त्याची माती झाली. गवत उगवलं आसंल, झाडं आली आसतील. मग पुन्हा जमीन फाटली, दुसरा रस वर आला, माती भाजून तांबडी झाली. दोन आगींच्या मधी जमिनीला जरा उसंत मिळाली हुती, तेवढाच त्यो थर."

"आन् आता त्या दगडाचं पुढं काय?"

"झिजंल. माती हुईल. नदी नेईल, समुद्रात टाकंल. तिथं थरावर थर बसून पुन्हा दगड. त्यो खोल गेला, तापला, इतळला, की पुन्हा वर. असा फेरा हाय."

"आमचे स्वामी बोलतेत तसंच बोलायलाव की. दगडालाबी जन्ममरणाचा फेरा!"

"फेरा हाय. पापपुण्य न्हाय त्यात."

वीरप्पा खो खो हसला आणि पुन्हा ठोकायला लागला. लिंबाजी मग हळूच म्हणाला होता, "इंजन हवा खातंय, ध्यानात ठिव. जळायचं म्हटलं की हवा खाणार आन् धूर वकणार. ही नळी पार काठाच्या वर घे. सांधे पक्के कर."

"इंजन तुमी चालवता का म्या?"

सांधा निसटला होता. शिवप्पानं आज वर आल्यावर सांगितलं, नळी मधूनच सुटून लोंबत होती.

"त्याला बोललो हुतो," लिंबाजी आईला म्हणाला.

"आन् चेरमनला?"

लिंबाजीनं मान खाली घातली.

"त्याला म्हनायचं हुतंस, इंजन खाली नगं म्हून. मास्तर हाईस, ऐकलं आसतं त्यानं." केशरबाईचा आवाज मऊ झाला. "तुला मला त्या दगडापाशी उभी बघवत न्हवतं. म्हून गप बसलास. व्हय ना?"

लिंबाजी उठून बाहेर गेला. आईनं त्याला हाक मारली नाही.

*

सकाळी विहिरीत पुन्हा गुडघाभर पाणी पाझरलं होतं. आता ते रहाटानंच ओढायचं होतं, कारण इंजनाजवळ उतरायला कुणी तयार नव्हतं. शिवप्पानं तर कानाला हात लावले.

चिंचेखाली हिंमतराव, महांतप्पा आणि आणखी चार डोकी बसली होती. विहीर कशानं विटाळली की ती उपसायची, सगळं पाणी काढून फेकायचं, नवं पाझरलं की पूजा करायची, हा गावाचा रिवाज. महांतप्पांनी तो काढलाच.

"जीव वाचला, लई चांगलं झालं. पर हीर उपसाय लागंल, हिंमतराव. रीत ती रीत."

"उपसायची कशी? इंजन बंद हाय."

"मग इंजन सुरू झालं की."

"इंजन सुरू करायला उतरायचं कुणी?"

यावर सगळ्यांनी मिशा चोळल्या. शेवटी असं ठरलं की रीत मोडायची नाही. इंजन सुरू होईल तेव्हा विहीर उपसायची, आणि तोवर तेच पाणी प्यायचं. अशी धर्मबुद्धी! ठराव झाला आणि महांतप्पांनी तांब्या मागवून घसा ओला केला.

केशरबाई तेव्हा काळ्या दगडापाशी आली होती. मागं आळीतल्या बाया. ओठ सुकून फुटलेले, घागरी रित्या. काठावर गावच्या बायांची झुंबड होती. सगळ्यांना पाणी घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला पळायचं होतं. कुणी मागं वळून बघायला तयार नव्हतं. कालचं काल झालं होतं.

केशरबाईच्या मनात आलं, घागर आपटावी दगडावर. फुटली तर फुटली. काल आमचं पाणी चाललं, आज आमचे हात चालत नाहीत? पण घरात कोरड पडलेली तोंडं होती, आणि फुटक्या घागरीत पाणी आणता येत नाही. ती उभी राहिली.

गर्दीतून पार्वतम्मा बाहेर आली. दोन्ही तळव्यांना हळदीची फडकी बांधलेली. रहाटाचा दोर तिनं काखेत धरून आणला होता आणि ती सरळ दगडापर्यंत चालत आली. मग तिनं दोराचं टोक केशरबाईपुढं केलं.

"हात गेलेत माझे," ती म्हणाली. "वढवत न्हाय. तूच वढ. माझी भर, मग तुझी घे."

काठावरची बडबड थांबली. केशरबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं. पार्वतम्मा जमिनीकडं बघत होती.

"पार्वतम्मा," चिंचेखालून महांतप्पांनी खाकरून म्हटलं, "घरात देव हाय तुमच्या."

"मग देवाची घागर तुमच्या सुनंला भराय सांगा, आप्पा. रोज. आणून द्याय सांगा घरापस्तोर."

महांतप्पांची सून तिथंच होती. तिनं पटकन दुसरीकडं बघितलं. तिला खडीवर जायचं होतं, घरी सासऱ्यांचं न्हाणं होतं, लेकरू अंगावरचं होतं. आणखी एक घागर तिच्या अंगाला कुठं लावता? महांतप्पांनी पुन्हा खाकरलं आणि हिंमतरावांना कामावर वाटायच्या सुकडीच्या पोत्यांबद्दल काही विचारलं.

केशरबाईनं दोर हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा घेतला. दगड ओलांडून ती काठावर गेली आणि तिनं पोहरा खाली सोडला. पोहरा भरून वर आला. तिनं तो पार्वतम्माच्या घागरीत ओतला, मग आपल्या, आणि मागच्या बाईला दोर दिला.

*

वीरप्पा दवाखान्यातून आला तो अर्धा होऊन. डोकं दुखायचं, चार पावलं टाकली की धाप लागायची. लिंबाजी त्याला भेटायला गेला तेव्हा तो बाजेवर पडून आढ्याकडं बघत होता.

"मास्तर, करोड वर्षांचे जीव नाकातोंडात गेले की वो माझ्या."

"सांधे पक्के कर म्हणलो हुतो."

"म्हणला हुता." वीरप्पा कुशीवर वळला. "पर इंजन उतरवू नका, आसं न्हाय म्हणला."

लिंबाजीनं त्याच्याकडं बघितलं. वीरप्पाच्या डोळ्यांत राग नव्हता, हेच त्याला जड गेलं.

"न्हाय म्हणलो," तो म्हणाला.

त्या दिवशी घरी आल्यावर तो आईवर चिडला. दुसऱ्या कुणावर चिडणार? केशरबाई रोज विहिरीवर जात होती, रोज पार्वतम्माची घागर आधी भरत होती, आणि मग आळीतल्या बाया एकामागून एक दोर धरत होत्या. गावानं पहिल्यांदा कुरकुर केली, मग दुष्काळानं ती कुरकुर बसवली.

"तिच्या फडक्याआड लपून वढायचं?" लिंबाजी म्हणाला. "कायदा हाय आई आपल्या बाजूला. आपली हीर हाय. मेहरबानी कशाला? सरळ जाऊन वढ."

"सरळच वढते की," केशरबाई म्हणाली. "दोन्ही हातांनी."

"फडकं सुटलं की काय करशील? तिचे हात बरे झाले की पुन्हा दगड हायच."

केशरबाईला रात्र रात्र तेच वाटायचं. ती रोज सकाळी जाताना पहिल्यांदा पार्वतम्माच्या हातांकडं बघायची. फडकं दिसलं की तिच्या जिवात जीव यायचा, आणि दुसऱ्याच्या जखमेवर आपण टपून बसलोय म्हणून लाजही वाटायची.

मृग जवळ आला, पण आभाळात काही नव्हतं. उन्हानं दगड तडकत होते. एके सकाळी विहिरीवर गर्दी कमी होती. केशरबाईनं पोहरा ओढला आणि पार्वतम्मानं घागर पुढं धरली. घागर जडशीळ, हातातून निसटली. पार्वतम्मानं ती पटकन पकडली, आणि पकडताना उजव्या हाताचं फडकं गाठ सुटून खाली पडलं.

केशरबाई फडकं उचलायला वाकली आणि वर बघितलं तर पार्वतम्माचा तळवा समोर होता. त्यावर हळदीचा ताजा, ओला लेप होता, आज सकाळीच लावलेला. लेपाखाली कातडी साफ भरून आली होती. जखमेचं नावही नव्हतं. नवी कातडी जुनी होऊन तिला घट्टे पडायला लागले होते, इतके दिवस झाले असावेत.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. पार्वतम्माचे ओठ हलले. तिनं हळूच मागं बघितलं. मागं महांतप्पांची सून घागर घेऊन पाळीला उभी होती.

"अजून ठणकतंय," पार्वतम्मा पुटपुटली.

केशरबाईनं फडक्यावरची माती झटकली. पार्वतम्माचा हात तिनं आपल्या हातात घेतला. आजवर तो हात तिनं कधी धरला नव्हता. वरून धार धरतानाच तेवढा बघितला होता. तिनं फडकं तळव्यावर नीट पसरलं, मनगटाभोवती दोनदा फिरवलं आणि गाठ आवळली.

"एवढ्यात सोडू नका," ती म्हणाली.

महांतप्पांच्या सुनेनं सगळं बघितलं होतं. तिनं कमरेवरची घागर या बाजूची त्या बाजूला घेतली.

"आटपा की गं," ती म्हणाली. "मला कामावर जायचंय."

केशरबाईनं पोहरा पुन्हा आत सोडला. तो तांबड्या थराच्या खाली, पाण्याला लागेपर्यंत तिघी वाकून बघत राहिल्या.